स्कीचा श्रीगणेशा निसेकोत: सगळं घर घेऊन जायचं तर

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या निसेकोबद्दल कुणालाही विचारा, तो आधी पावडरबद्दल बोलेल. पावडर म्हणजे कोरडा, पिठासारखा भुसभुशीत बर्फ. जगभरातले स्कीवाले जानेवारी-फेब्रुवारीत होक्काइदोला धाव घेतात ते याच्यासाठी. हॉटेलांचे दर, शिक्षकांची फी, विमानाची तिकिटं, सगळं त्या दिवसांत आभाळाला भिडतं. आणि नेमकी हीच पावडर पहिल्यांदा जाणाऱ्या घराच्या काही कामाची नाही. मांडीभर मऊ बर्फात नवशिक्याला वळता येत नाही. पडल्यावर उठायला हात टेकवावा तर हात कोपरापर्यंत आत. आपल्याला हवा असतो यंत्राने दाबून सपाट केलेला, रुंद, कमी उताराचा पट्टा. तो मार्चअखेरीलाही मिळतो, आणि बराच स्वस्तात.

आम्ही २०२५ च्या मार्चअखेर गेलो होतो. मी, नवरा, अकरा आणि सात वर्षांची दोन मुलं आणि माझी आई. पाचही जणांनी त्याआधी स्की फक्त टीव्हीवर पाहिलेली. खालचं सगळं अशाच घराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. ज्यांना स्की येते त्यांनी खुशाल जानेवारीत जावं.

आधी तारीख, मग बाकी सगळं

निसेकोचा मोसम साधारण डिसेंबरच्या सुरुवातीपासून. तिथल्या हिराफू या रिसॉर्टच्या बाजूच्या काही लिफ्ट, म्हणजे उतारावर वर नेणारे खुर्च्यांचे पाळणे, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतात. नाताळपासून जपानी नववर्षाची सुटी संपेपर्यंतचे, म्हणजे ३ जानेवारीपर्यंतचे दिवस, आणि पुढे चिनी नववर्षाचा आठवडा. हे दोन्ही टाळा. महिनोन् महिने आधी बुकिंग करूनही या दिवसांत मिळतं ते महाग आणि गर्दीचं.

आपल्याकडच्या शाळांचं गणित असं. सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांची वार्षिक परीक्षा बहुतेक मार्चच्या मध्यापर्यंत आटोपते आणि नवीन वर्ग एप्रिलच्या आसपास सुरू होतात. मधले आठ-दहा दिवस जणू या सहलीसाठीच ठेवलेत. राज्य मंडळाच्या शाळांत खालच्या वर्गांची परीक्षा अलीकडे एप्रिलमध्ये गेली आहे. त्यांना शाळेत अर्ज देऊन फेब्रुवारीअखेर जाता येतं, किंवा मग महागातला नाताळ. दुबईतल्या भारतीय शाळांनाही मार्चअखेर सुटी असते आणि सिंगापूरच्या शाळांना मार्चच्या मध्यावर आठवडाभर. तिथल्या मराठी घरांना तर प्रवासही आपल्यापेक्षा सोपा.

मार्चअखेरचा एक तोटा आधीच सांगून ठेवते. सकाळी बर्फ रात्रीच्या थंडीने गोठून टणक झालेला असतो आणि दुपारनंतर तो गाडीवरच्या बर्फाच्या गोळ्यासारखा ओला, जड होतो. म्हणजे घसरायची खरी वेळ साडेनऊ-दहा ते दुपारी दीड-दोन. मुलांच्या दमसासालाही तेवढीच पुरते. दुसरी गोष्ट, या दिवसांत काही लिफ्ट एकेक करून बंद होऊ लागतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या बंद होण्याच्या तारखा रिसॉर्टच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. उलट फायदा असा की परतीच्या वाटेवर तोक्योत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुललेला असू शकतो. मात्र म्हणूनच तोक्योतली हॉटेलं त्या आठवड्यात महाग असतात.

निसेको म्हणजे नेमकं काय

निसेको-आन्नुपुरी नावाचा एक डोंगर आहे, उंची १,३०८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे उंचीची, विरळ हवेची काळजी नको. या डोंगराच्या उतारांवर चार रिसॉर्ट शेजारी शेजारी आहेत: हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि आन्नुपुरी. चारही मिळून ‘निसेको युनायटेड’, आणि चौघांना चालणारा एक सामाईक पास मिळतो. समोर योतेई हा १,८९८ मीटरचा ज्वालामुखी. आकार अगदी फुजीसारखा, म्हणून त्याला एझो फुजी म्हणतात. एझो हे होक्काइदोचं जुनं नाव.

एवढ्या बुटक्या डोंगरावर इतका बर्फ का, हे मुलांना समजावायला कोकणातल्या माणसाला वेळ लागत नाही. आपल्याकडे वारा अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतो, सह्याद्रीला धडकतो आणि आंबोलीत कोसळतो. इथे हिवाळ्यात सायबेरियातून कोरडा, गोठवणारा वारा निघतो, जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतो आणि होक्काइदोच्या पहिल्याच डोंगरांवर ते टाकून देतो. हवा इतकी थंड, की ते पाऊस न होता कोरडा बर्फ होऊन पडतं. मोसमात एकूण १५ मीटरच्या आसपास. निसेको म्हणजे बर्फाची आंबोली.

चारांपैकी कुठे राहायचं? गाव, दुकानं, खाणावळी आणि चालत फिरण्याची मजा हवी असेल तर हिराफू. मुलं अगदी लहान असतील तर हानाझोनो किंवा निसेको व्हिलेज. तिथे नवशिक्यांसाठी सरकते पट्टे आहेत, आपण विमानतळावर पाहतो तसे. त्यावर स्कीसकट उभं राहायचं आणि वर पोचायचं. खुर्चीच्या लिफ्टची भीती पहिल्या दिवशी नको. आन्नुपुरी शांत, रुंद आणि सौम्य उतारांचं, पण संध्याकाळी तिथे फारसं काही नसतं. आम्ही हिराफूत राहिलो आणि मुलांना रोज सकाळी बसने हानाझोनोला नेलं. ती पंधरा-वीस मिनिटांची कसरत पुढच्या वेळी मी करणार नाही. मुलांची शिकवणी जिथे, तिथेच राहावं.

निसेकोच का, असं विचाराल तर जवळच रुसुत्सु आहे. तीन डोंगर, सगळं एकाच आवारात, लहान मुलांच्या घरांना कदाचित निसेकोपेक्षाही सोयीचं. नागानोकडे हाकुबा आहे, १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकची जागा. शिगा कोगेनजवळ गरम कुंडात डुंबणारी माकडं आहेत. आणि तोक्योत राहून एकच दिवस चव घ्यायची असेल तर गाला युझावा: शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, थेट रिसॉर्टच्या दारात थांबते, सव्वा तासाच्या आसपास. मुलांना स्की आवडेल की नाही याची शंका असेल तर पहिल्या वर्षी गालाच करा. आणि बर्फात फक्त लोळायचंच असेल तर गुलमर्गला जा, एवढे पैसे घालू नका.

व्हिसा आणि विमान

भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी जपानचा ई-व्हिसा १ एप्रिल २०२४ पासून मिळतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून करायचा. बँकेचं खातेपत्रक, आयकर विवरण, रोजचा कार्यक्रम, राहण्याच्या जागेचं बुकिंग, फोटो, नेहमीचीच यादी. दीड-दोन महिने आधी अर्ज करा म्हणजे धावपळ होत नाही. यातली एक खोच लक्षात ठेवा. ई-व्हिसा विमानतळावर इंटरनेट चालू ठेवून फोनवर दाखवावा लागतो. छापील कागद किंवा स्क्रीनचा फोटो चालत नाही. आईच्या साध्या फोनमुळे आमची मुंबईत दहा मिनिटं तंतरली होती. सगळ्यांचे व्हिसा एकाच फोनवर उघडता येतील अशी तयारी घरूनच करून ठेवा. जपानमध्ये उतरल्यावरचे इमिग्रेशन आणि कस्टमचे अर्जही आधी ऑनलाइन भरून क्यूआर कोड घेता येतो.

उतरायचं विमानतळ न्यू चितोसे, साप्पोरोजवळचं. मुंबईहून तिथे थेट विमान नाही. बँकॉक किंवा हाँगकाँगहून थेट चितोसेला जाणारी विमानं आहेत. मला हाच मार्ग सुटसुटीत वाटतो. तोक्योमार्गे जाणार असाल तर तिकीट नीट वाचा. आंतरराष्ट्रीय विमान नारितात उतरतं आणि चितोसेचं हानेदाहून सुटतं असं तिकीट स्वस्त दिसतं. पण दोन्ही विमानतळांत शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर आहे. मुलं, म्हातारं माणूस आणि पाच बॅगा घेऊन ते करू नका. सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा, म्हणजे विमान चुकलं तर पुढची जबाबदारी कंपनीची.

चितोसेहून निसेकोला बसने अडीच ते तीन तास. बसची जागा आधीच आरक्षित करावी लागते आणि शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते. आमचं विमान उशिरा आलं आणि बस गेली. पहिली रात्र विमानतळाजवळ काढली, ते एका अर्थी बरंच झालं. रात्रीच्या विमानाने येणाऱ्यांनी हे ठरवूनच करावं: झोपावं, सकाळी ताजंतवानं होऊन बस धरावी. गाडी भाड्याने घेण्याचा मोह होतो, कारण जपानमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि आपला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो. पण गोठलेल्या रस्त्यावर गाडी चालवायची सवय नसलेल्याने होक्काइदोच्या हिवाळ्यात स्टिअरिंगला हात लावू नये.

मोठ्या बॅगा विमानतळावरूनच हॉटेलवर पाठवायची सोय आहे, तिला ताक्क्यूबिन म्हणतात. बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणून एका दिवसाचे गरम कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

औषधं आणि विमा

जपान औषधांबाबत कडक आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती नेता येतात, त्याहून जास्त लागत असतील तर आधी परवानगी घ्यावी लागते. कोडीनवाली खोकल्याची औषधं आणि स्यूडोएफेड्रिनवाल्या सर्दीच्या गोळ्या घरीच ठेवा. त्यांच्या प्रमाणावर तिथे मर्यादा आहेत, आणि कस्टमच्या टेबलावर टक्केवारी कोण मोजत बसणार? आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसह नेल्या.

प्रवासविमा घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: स्की करताना हाड मोडलं तर पैसे मिळतील का? आपल्याकडच्या बऱ्याच साध्या पॉलिसींतून हिवाळी खेळ वगळलेले असतात. मला एका विमा विक्रेत्याने ‘हो हो, सगळं कव्हर आहे’ असं फोनवर सांगितलं. पॉलिसी वाचली तर नेमकं उलट लिहिलेलं. लेखी घ्या. उतारावरून खाली आणण्याचा खर्च, दवाखाना आणि परतीचा प्रवास, तिन्ही हवेत. जवळचं मोठं रुग्णालय कुचान गावात आहे. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११९, पोलिसांचा ११०.

कपडे: विकत किती, भाड्याने किती

जाड जाकीट आणि पॅन्ट भाड्याने घ्या. मुलांचे तर नक्कीच, पुढच्या वर्षी ते त्यांना होणार नाहीत. स्की, बूट, हेल्मेटही तिथेच. विकत घ्यायचं ते अंगालगतचं: लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे आतले कपडे, एक फ्लीस, जलरोधक हातमोजे, गॉगल आणि गुडघ्यापर्यंतचे स्कीचे मोजे. हातमोजे आणि गॉगल भाड्याने मिळतीलच असं नाही. सुती बनियन आणि जीन्स नको. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबलात की अंगावर बर्फाची पट्टी लावल्यासारखं होतं. हातमोज्यांचे लहान मुलांसाठी दोन जोड घ्या, पहिला जोड दुपारपर्यंत ओला होतोच.

बुटांबद्दल थोडं सविस्तर, कारण पहिल्या दिवशी रडारड होते ती बुटांमुळे. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो आणि त्याने पाय घट्ट धरून ठेवावा लागतो. आपल्याला वाटतं थंडी आहे, दोन मोजे घालूया. दोन मोज्यांच्या घड्या नडगीवर दाबतात, रक्त अडतं आणि पाय उलट अधिक गार पडतात. एकच मोजा, तोही नीट ओढून. बुटात पॅन्टची किंवा आतल्या कपड्याची कड अडकू देऊ नका. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, तर घरीच कागदावर पाय ठेवून टाच ते अंगठा मोजून ठेवा. घालून पाहताना ताठ उभं राहिल्यावर बोटं टोकाला टेकावीत आणि गुडघे वाकवले की सुटावीत. सामान पहिल्या शिकवणीच्या आदल्या संध्याकाळीच घ्या. सकाळी नऊ वाजता दुकानात रांग असते आणि गडबडीत घेतलेला बूट दिवसभर चावतो.

काठ्यांची एक गंमत. अगदी नवशिक्यांना सुरुवातीला काठ्या देतच नाहीत, तोल पायांनी सांभाळायला शिकवतात. आमच्या भाड्याच्या संचातल्या काठ्या कोपऱ्यात पडून होत्या. ३० मार्चला पाडवा आला, तर आईने त्यातली एक खिडकीशी उभी केली, तिला ओढणी नेसवली आणि वर स्टीलचा पेला पालथा घातला. कडुनिंब काही मिळाला नाही.

गावात चालायला स्कीचे नव्हेत, साधे बर्फाचे बूट लागतात. मार्चमध्ये दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठतं आणि सकाळी काचेसारखं निसरडं होतं. बुटांना खालून लावायच्या रबरी काट्यांच्या पट्ट्या तिथे मिळतात. घरातल्या ज्येष्ठांसाठी त्या पहिल्याच दिवशी घ्या.

शिकवणी, आणि पास किती घ्यायचा

चार रिसॉर्टचा सामाईक पास मोठ्या माणसाला दिवसाला १०,००० येनच्या वर जातो, म्हणजे जवळपास ६,००० रुपये. पहिल्या दोन दिवसांत तुम्ही एका सरकत्या पट्ट्याच्या आणि फार तर एका लिफ्टच्या पलीकडे जाणार नाही. तेव्हा सामाईक पास सवलतीत दिसला तरी आधी घेऊन ठेवू नका. एकाच रिसॉर्टचं किंवा काही तासांचं तिकीट घ्या, तिसऱ्या दिवशी पाय स्थिर झाले तर पुढचा विचार करा. पास म्हणजे एक कार्ड, ते डाव्या खिशात एकटंच ठेवायचं. दार आपोआप उघडतं, कार्ड काढावं लागत नाही.

शिकवणी मात्र हंगामाबाहेरही आधी ठरवा. इंग्रजीत शिकवणाऱ्या शाळा निसेकोत भरपूर आहेत, आणि मराठी मुलांना त्यात काही अडत नाही. मुलांना गटात घाला. इतर देशांतली मुलं भेटतात, एकमेकांना पाहून शिकतात, स्वस्तही पडतं. मोठ्यांनी पहिल्या दिवशी अर्ध्या दिवसाची खासगी शिकवणी घेतली तर पैसे वसूल होतात. नवऱ्याने बायकोला आणि आई-बापाने पोरांना शिकवू नये. आम्ही एक तास प्रयत्न केला. त्याबद्दल घरात अजूनही बोलत नाही.

पहिला धडा थांबण्याचा. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब केली की वेग कमी होतो. मुलांना हे ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात, आणि समांतर स्कीला ‘फ्रेंच फ्राइज’. तुम्हीही तेच लक्षात ठेवा, पुस्तकी नावांपेक्षा घसरताना हेच आठवतं. पडायचं असेल तर बाजूला, नितंबावर. मागे झुकू नका, मागे झुकलं की वेग वाढतो, कमी होत नाही. खुर्चीच्या लिफ्टवर पहिल्यांदा बसताना तिथल्या माणसाला हाताने ‘हळू’ अशी खूण करा, तो लिफ्टचा वेग कमी करतो.

नकाशावर हिरवी वाट सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. लालवर जाण्याआधी हिरवी वाट तीन वेळा न पडता उतरता आली पाहिजे, हा आमच्या शिक्षकाचा नियम होता आणि तो मला पटला. दोरी लावलेली असेल तिच्या पलीकडे जायचं नाही. निसेकोत डोंगराच्या हद्दीबाहेर जाण्यासाठी ठरावीक दरवाजे आहेत आणि सुरक्षा पथक हवामान पाहून ते उघडतं किंवा बंद ठेवतं. ते आपल्यासाठी नाहीतच. झाडाच्या बुंध्याभोवती मऊ बर्फाखाली खोल पोकळी असू शकते, म्हणून मुलांना झाडांजवळ ‘मजा म्हणून’ घुसू देऊ नका.

सलग पाच दिवस स्की करायचा बेत आखू नका. दोन दिवस, मग एक दिवस सुटी, मग दोन दिवस. तिसऱ्या सकाळी मांड्या जिना उतरायला नकार देतात. जाण्याआधी महिनाभर आठवड्यातून दोनदा सिंहगड किंवा पर्वती करा. चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं, कारण ताण येतो ते स्नायू तेच.

जेवणाचं काय

इथे मी थोडी रेंगाळणार आहे. मासे-मांस खाणाऱ्याला होक्काइदो म्हणजे स्वर्ग. शाकाहारी माणसाला मात्र डोळ्यांत तेल घालून खावं लागतं. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’, आणि तो बहुतेकदा वाळवलेल्या बोनितो माशाचा असतो. मिसो सूप, नूडल्सचं पाणी, भाज्यांची भजी बुडवायची चटणी, सगळीकडे तो असतो. बटाटा-गाजराची जपानी करी पाहून आनंद होतो, पण तिच्या तयार मसाल्यात बहुधा प्राण्यांची चरबी असते. साप्पोरोची सूप करीही हाडांच्या पाण्यावर. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मांस, मासा, दाशी, चरबी यांतलं काय नको, ते जपानी भाषेत लिहिलेलं एक कार्ड फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा.

म्हणून स्वयंपाकघर असलेली सदनिकाच घ्या. निसेकोत अशा खूप आहेत, भात शिजवायचं यंत्रही बहुधा असतं. तिथला तांदूळ चिकट, आणि मऊभातासाठी त्याला तोड नाही. घरून मेतकूट न्या, वरून होक्काइदोचं लोणी घाला. आमच्या मुलांनी पाच दिवसांत चार वेळा तेच मागितलं. कुचान हे बटाट्यासाठी नाव मिळवलेलं गाव आहे, आणि तिथला पिठूळ बटाटा आपल्या पिवळ्या भाजीला अगदी चालतो. हळद, मोहरी, हिंग, लाल तिखट घरून नेलं होतं. सुपरमार्केटमध्ये टोफू, साधं दही, पालक, कोबी, मशरूम सहज मिळतं.

नेऊ नये ते असं: ताजी फळं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता. ताज्या भाज्या-फळांना तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. मांस आणि मांसाचे पदार्थ तर अजिबात नाहीत. चटण्या, चकल्या, लाडू, सीलबंद तयार जेवणाची पाकिटं न्या. विजेच्या उपकरणांबद्दल: जपानमध्ये १०० व्होल्ट आणि दोन चपट्या पिनांचं सॉकेट. फोनचे चार्जर चालतात, पण घरची इलेक्ट्रिक किटली किंवा कुकर नेलात तर पाणी कोमट होईपर्यंत झोप लागेल.

जे घसरणार नाहीत त्यांच्यासाठी

आमच्या आईने एकदाही स्की पायात घातली नाही आणि तरी सगळ्यांत जास्त मजा तिनेच केली. याची तयारी मात्र आधी करावी लागते, नाहीतर ते माणूस पाच दिवस खिडकीत बसून राहतं. काही गोंडोलांवर (बंद डब्यांच्या लिफ्टवर) स्की न करणाऱ्यांनाही तिकीट मिळतं, वर जाऊन योतेई बघायचा आणि खाली यायचं. हानाझोनोत रबरी टायरवरून घसरायची सोय आहे, त्यात आजी आणि सात वर्षांचा नातू एकाच रांगेत होते. सुटीच्या दिवशी कुचानहून रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास ओतारूला जाता येतं: जुना कालवा, काचेच्या वस्तूंची दुकानं, चावी दिली की सूर वाजवणाऱ्या छोट्या डब्या. गाड्या मोजक्याच असतात, परतीची वेळ आधी लिहून ठेवा.

आणि ओन्सेन, गरम पाण्याचे झरे. वज्रेश्वरीला गेलेल्या माणसाला गंधकाचा वास ओळखीचा वाटेल, रीत मात्र वेगळी. बायका-पुरुष वेगळे, अंगावर एकही कपडा नाही, आणि कुंडात उतरण्याआधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. गोंदण असेल तर बऱ्याच ठिकाणी प्रवेश नाकारतात. संकोच वाटत असेल तर ‘काशिकिरी’, म्हणजे तासाभरासाठी घरच्यांपुरतं वेगळं कुंड मिळतं का ते विचारा. रक्तदाब असलेल्यांनी थोडा वेळच बसावं आणि उठताना सावकाश उठावं.

परत निघताना

आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशी निसेको सोडा. मार्चमध्येही एखादं बर्फाचं वादळ बस आणि विमान दोन्ही अडवतं, आणि त्या रात्रीचं चितोसेतलं भाडं हे चुकलेल्या तिकिटापेक्षा कितीतरी कमी. भाड्याचं सामान आदल्या संध्याकाळीच परत करा. ओले हातमोजे बॅगेत घालू नका, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, नाहीतर घरी पोचेपर्यंत सगळ्या कपड्यांना वास लागतो.

चितोसेच्या देशांतर्गत टर्मिनलमध्ये चक्क ओन्सेन आहे, विमानाला वेळ असेल तर शेवटची डुबकी तिथे. खरेदीही तिथेच करा. बटाट्याच्या वेफर्सवर चॉकलेट लावलेला प्रकार मुलांना आवडतो आणि तो प्रवासात टिकतो. नामा चॉकलेट मऊ आणि अप्रतिम, पण थंड ठेवावं लागतं आणि त्याच्या काही प्रकारांत दारू असते. कुणाला द्यायचं ते आधी ठरवून मगच डबा उचला.